पूर्वेच्या भिंतीचा खर्च

आईला जाऊन अकरा दिवस झाले होते. ती अजून शवागारातच होती, आणि इकडे डोन्कोर पेंटर टेप घेऊन आमच्या घराच्या भिंती मोजत होता.

मी भट्टीसमोर होते. सकाळच्या पावांची पहिली खेप निघाली होती, दुसरी आत सरकवायची होती.

"ताई, ते ट्रे जरा बाजूला घ्या," डोन्कोर म्हणाला. "ही भिंतपण मोजायचीय."

"कशासाठी?"

"रंगासाठी. ओपानिन ग्यासींनी बोलावलंय. बाहेरून सगळं घर करायचंय म्हणाले, मयताच्या आधी."

ग्यासी म्हणजे माझा मामा. आईचा धाकटा भाऊ, निवृत्त हेडमास्तर. कूळ आईकडून चालतं, तेव्हा कुळाचा मुख्य तोच. आमच्या बेक्वाई गावात त्याला कोणी नुसतं ग्यासी म्हणत नाही, मानाने ओपानिन ग्यासी म्हणतात.

मी ट्रे उचलले. तेव्हा मला राग आला नव्हता. आमच्याकडे मयत दीड-दोन महिन्यांनी करतात आणि त्याच्या आधी घर रंगवतात, सगळेच रंगवतात. वाटलं, चुन्याचा एखादा हात मारतील.

आई दोन वर्षं मूत्रपिंडाने आजारी होती. शहरातल्या दवाखान्यात मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं, आठवड्यातून तीनदा. एका वेळेचे चारशे ऐंशी सेडी. माझ्या पावांच्या जिवावर आठवड्याला एक खेप व्हायची. चांगला आठवडा गेला तर दोन. तीन कधीच झाल्या नाहीत. मधल्या दिवसांत तिचे पाय सुजायचे, मग पोट, मग ती रात्रभर बसून राहायची, कारण आडवं झालं की श्वास कोंडायचा. पाणी मोजून प्यायची. बाटलीच्या झाकणाने.

मी मामाकडे गेले होते. एकदा नाही, चारदा. तो व्हरांड्यात पेपर वाचत असायचा. "कुळाच्या पेटीत काही नाही गं, कोनादू," म्हणायचा. "आणि हे दुखणं असं आहे की कितीही घाला, भरणारच नाही." मी हॅम्बुर्गला आन्त्वीला, माझ्या धाकट्या भावाला, फोन केला. "ताई, इकडे काय चाललंय तुला कल्पना नाही," म्हणाला. त्याने एकदा सातशे पाठवले आणि नंतर तीन महिने फोन उचलला नाही.

नोव्हेंबरच्या एका मंगळवारी आई गेली. बसल्या बसल्या.

रविवारी दुपारी अंगणात कुळाची बैठक झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या, मामा काळं वस्त्र खांद्यावर घेऊन मधोमध बसला. शेजारी सेरवा मावशी, आईच्या पाठची. आन्त्वी फोनवर होता, स्पीकर लावून फोन स्टुलावर ठेवला होता.

मामाने चष्मा लावला आणि डोन्कोरचं कोटेशन वाचायला घेतलं. शाळेत हजेरी घ्यायचा त्याच आवाजात. भिंती घासणं, धुणं. बुरशीचं औषध. भेगा भरणं, पुट्टी. प्रायमर एक हात. रंग दोन हात, बाहेरचा, उन्हापावसाचा, मलईसारखा पांढरा, खिडक्यांना तांबडी किनार. दोन मजल्यांची परांची. सहा माणसं, बारा दिवस.

"एकूण शेहेचाळीस हजार आठशे," मामा म्हणाला.

मला वाटलं आता कोणीतरी ओरडेल. कोणी तोंडावर हात ठेवेल. मावशीने नुसतं "हं" केलं. मागून कोणीतरी विचारलं, "खिडक्यांना हिरवी नाही का बरी दिसणार?"

आणि स्टुलावरून आन्त्वीचा आवाज आला, "मामा, माझ्याकडून वीस हजार लिहा. आईसाठी एवढं तरी केलं पाहिजे."

माझ्या कानांत गरम वाफ शिरल्यासारखं झालं. मी उठले, फोन उचलला आणि तोंडाजवळ धरला.

"आन्त्वी, ऐकतोयस?"

"हां, ताई."

"वीस हजार आहेत तुझ्याकडे?"

"काढीन ना. कर्ज काढीन. मित्राकडून घेईन."

"इस्टरला मी तुझ्याकडे किती मागितले होते?"

मीच उत्तर दिलं.

"दोन हजार. महिनाभर तिला दुसरी खेप मिळावी म्हणून. तेव्हा हा मित्र कुठे मेला होता?"

"कोनादू!" मामा म्हणाला. "बस खाली. ही भांडणाची जागा नाही."

"मग कुठे आहे ती जागा, मामा? तुमच्या व्हरांड्यात येऊन झालं माझं. शेहेचाळीस हजार आठशे म्हणजे मशीनच्या सत्त्याण्णव खेपा होतात. सत्त्याण्णव! माझ्या खेपांत या मिळवल्या असत्या तर वर्ष-दीड वर्ष ती नीट श्वास घेऊन झोपली असती. आज तुम्ही हा आकडा वाचला आणि इथे एकाचाही श्वास अडकला नाही. आकडा इतका हलका होता, तर गेल्या वर्षी कोणी उचलला का नाही?"

सेरवा मावशी उभी राहिली. मावशी बारीक चणीची, पण आवाज बाजारातला. तीस वर्षं टोमॅटो विकलेत तिने.

"अगं, मग काय त्या मळक्या भिंतीसमोर ठेवशील तिला? सगळं बेक्वाई येणार. कुमासीहून येणार. चर्चची बाया-माणसं येणार. तुझ्या आईचं नाव घेऊन म्हणतील, आग्येईवाचं कूळ संपलं का? पोरं भिकेला लागली का? तोंड कुठे लपवशील?"

"मी कशाला लपवू? मी दोन वर्षं रोज तोंड दाखवलंय, दवाखान्याच्या खिडकीवर."

"तू केलंस हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून काय आम्ही काहीच करायचं नाही?"

"करायचं होतं ना. ती जिवंत होती तेव्हा."

मामाने चष्मा काढला. घडी करून खिशात ठेवला. मी शाळेत त्याची विद्यार्थिनी होते, मला माहीत होतं आता काय होणार. तो एकदम हळू बोलायला लागतो.

"कोनादू, तू मोठी मुलगी. तुझा वाटा पाच हजार धरला होता. पण एक गोष्ट सांगायची राहिली. डोन्कोर म्हणतो, या खर्चात चौदा हजार सहाशे एकट्या पूर्वेच्या भिंतीचे आहेत. तिच्यावर वीस-पंचवीस वर्षांची काजळी आहे. ती नुसत्या धुण्याने जात नाही. खरवडावी लागते, वर वेगळा हात द्यावा लागतो, नाहीतर रंगातून काळं वर येतं. आता ती काजळी कोणाच्या भट्टीची? न्यायाने तो भाग तुझ्याकडे यायला पाहिजे. आणि मयत होईपर्यंत भट्टी बंद ठेव. सहा आठवडे. नव्या रंगावर धूर नको."

अंगणात एकदोघांनी माना हलवल्या. बरोबर आहे, न्यायाचं आहे.

ती भट्टी आईने बांधली. मी सोळा वर्षांची होते, मीच माती तुडवली होती. त्याआधी ती दुसऱ्याच्या भट्टीवर मजुरी करायची. मामा मास्तरकीचं शिकायला गेला तेव्हाची त्याची पेटी, गादी, फी, सगळं त्या मजुरीतून. आन्त्वीचं विमानाचं तिकीट या नव्या भट्टीतून. ज्या भिंतीवर ती काजळी बसली त्या भिंतीचे दोन्ही मजलेसुद्धा पावाचेच. आणि आता त्या काजळीचं बिल माझ्या नावावर.

शेवटी मी एवढंच म्हणाले, "ती भिंत रंगवायची नाही."

"काय?"

"पूर्वेची भिंत. तिला हात लावायचा नाही. बाकीचं तुम्ही सोन्याने मढवा. मी एक सेडी देणार नाही आणि भट्टी एक दिवस बंद राहणार नाही."

"मयताच्या घरात भट्टी पेटवणार? लाज आहे का?" मावशी म्हणाली. मग जवळ आली आणि आवाज खाली केला. "तुला माहीत नाही ते सांगते. तुझी आईच मला म्हणाली होती. ऑगस्टमध्ये. म्हणाली, सेरवा, मला या कळकट भिंतीसमोरून नेऊ नका. तिचीच इच्छा आहे ही."

हे मला लागलं. आई असं म्हणाली असेल. तिला चारचौघांत नीटनेटकं दिसायची फार हौस. सुजलेल्या पायांनी चर्चला जायची, पण केस विंचरल्याशिवाय नाही.

"म्हणाली असेल," मी म्हणाले. "तिला माहीत होतं ना, तुम्ही पैसे कशाला काढता ते. मशीनला काढत नाही, रंगाला काढता. जे मिळणार आहे तेच माणूस मागतं, मावशी."

मावशी परत खुर्चीत जाऊन बसली. बैठक तिथेच मोडली.

जानेवारीत काम सुरू झालं. उत्तरेचा धुळीचा वारा चालू होता, ओठ फुटत होते. डोन्कोरची माणसं आधी पुढच्या भिंतीवर चढली. काम चांगलं करत होते, त्यात खोट काढणार नाही. जुने पापुद्रे खरवडून काढले, भेगा उकरून भरल्या, रोज दुपारी धूळ बसली की परत धुतलं. चार दिवसांत पुढची बाजू अशी झाली की रस्त्यावरून जाणारा थांबून बघायचा. मला बघवत नव्हतं. मी मागच्या वाटेने जायचे.

आठव्या दिवशी सकाळी त्यांनी परांचीचे बांबू पूर्वेकडे आणले आणि एक जण वर चढून ते बांधू लागला. मी भट्टीत लाकडं भरत होते. रोज भरते त्याहून दुप्पट भरली.

डोन्कोर आला. धिप्पाड माणूस, पापण्यांवरसुद्धा रंगाचे ठिपके. "ताई, आज नका पेटवू."

"पेटवणार."

"माझी माणसं वर गुदमरतील."

"मग वर चढवू नका."

तो लाकडाच्या ओंडक्यावर बसला. "तुमच्या घरचं भांडण मला नको. मला ओपानिनने काम दिलंय."

"तुम्हाला दोष देत नाही मी. तुम्ही मेहनतीचे पैसे घेता. पण ही भिंत नाही."

"मी एक सांगू? खरं सांगू?" तो म्हणाला. "मी ओपानिनना पहिल्याच दिवशी म्हणालो, भट्टी चालू राहणार असेल तर ही भिंत करू नका. पैसे पाण्यात जातील. ते म्हणाले, भट्टी बंद होईल."

"कायमची?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

म्हणजे सहा आठवड्यांची गोष्ट नव्हतीच. मी काडी ओढली.

धूर भिंतीला चाटत वर गेला. वरच्या माणसाने शिवी घातली आणि खाली उडी मारली. कोणीतरी मामाला फोन केला असणार, कारण पंधरा मिनिटांत तो आला, सकाळच्या लुंगीतच, पायात घरातल्या सपाता. इतक्या वर्षांत मी त्याला रस्त्यावर असं कधी बघितलं नव्हतं.

"विझव."

"पाव भाजायचेत."

"मी गवंडी बोलावतो. आत्ता बोलावतो. ही भट्टी फोडून टाकतो. जागा कुळाची आहे, तुझी नाही!"

"फोडा," मी म्हणाले. "पण आधी घरी जा आणि तुमचं मास्तरकीचं सर्टिफिकेट घेऊन या. ते आधी भट्टीत घालू. मग भट्टी फोडू. आईच्या कमाईतून आलेलं सगळं एकदाच संपवू. आन्त्वीलाही सांगा, पासपोर्ट पाठवून दे."

रस्त्यावर माणसं जमली होती. पानात बांधलेले मक्याचे गोळे, केंकी, विकणारी समोरची बाई हातातली पानं तशीच धरून उभी. मामाचा हात वर गेला. मला वाटलं मारतोय. त्याने मारलं नाही, हात तसाच खाली आला.

डोन्कोर मध्ये आला. "ओपानिन, मी या भिंतीवर ब्रश लावणार नाही. धुरात रंग धरत नाही आणि नाव माझं खराब होतं. या भिंतीचे चौदा हजार सहाशे मी कोटेशनमधून कमी करतो. बाकी तीन बाजूंचे बत्तीस हजार दोनशे. तुम्हाला पटत नसेल तर दुसरा पेंटर बघा."

मामाने काळ्या भिंतीकडे एकदा बघितलं. मग मला म्हणाला, "राहू दे काळी. लोक विचारतील तेव्हा तूच उत्तर दे." आणि सपाता ओढत निघून गेला.

मयत शनिवारी होतं. रस्ताभर मांडव, काळ्या-लाल कपड्यांतली माणसं, भोंगे. पांढऱ्या भिंतीसमोर आईला सजवून ठेवलं होतं, हातांत मोजे, सुजलेले पाय झालरीखाली झाकलेले. ती सुंदर दिसत होती. घरही सुंदर दिसत होतं. आलेला प्रत्येक जण आधी घराकडे बघायचा आणि मग मामाचा हात हातात घ्यायचा. पूर्वेच्या बाजूला मामाने आईच्या फोटोचा मोठा फलक बांधून घेतला होता, भिंत झाकायला. फलक अर्ध्याच भिंतीला पुरला.

दुपारी फोसुआ आली. आईच्या शेजारच्या मशीनवर असायची ती, गुरुवारी. ओबुआसीची, शिवणकाम करते, वय जेमतेम पस्तीस. ट्रोट्रोत, भाड्याच्या मिनीबसमध्ये, दाटीवाटीने बसून आली होती. डाव्या दंडावरची शीर मशीनच्या सुयांनी दोरीसारखी फुगलेली. मांडवात भोंग्यांचा आवाज सोसेना म्हणून मी तिला भट्टीकडे सावलीत आणून बसवलं. आईसाठी करायचे तसा बिनमिठाचा पाव दिला.

ती घराकडे बघत होती.

"केवढं देखणं घर गं," ती म्हणाली. "तुझी आई कधी बोलली नाही, एवढ्या श्रीमंत घरची आहे म्हणून. मला वाटायचं माझ्यासारखीच आहे. माझ्यासारख्याच खेपा चुकवायची ना."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच नवल वाटत होतं.

तेवढ्यात मामा तिकडे आला. पाहुण्यांना कुळाच्या मुख्याने भेटायचं असतं, कोणी बाजूला बसलं असेल तर तिथे जाऊन. त्याने फोसुआचा हात हातात घेतला, आल्याबद्दल बरं वाटलं म्हणाला.

"मामा," मी म्हणाले, "ही फोसुआ. आईच्या शेजारच्या मशीनवर असते. परवाची खेप चुकली हिची. पैसे नव्हते. तिला घर आवडलंय. रंगाला किती लागले ते सांगा तिला."

"कोनादू, आज नको."

"तुम्ही म्हणाला होता, लोक विचारतील तेव्हा उत्तर मी द्यायचं. पण हे तुम्ही द्या. तुमच्या तोंडून."

फोसुआ घाबरून एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. मामाला जाता आलं असतं. का गेला नाही, मला माहीत नाही. खांद्यावरून घसरणारं वस्त्र त्याने सावरलं.

"बत्तीस हजार दोनशे," तो म्हणाला.

फोसुआचे ओठ हलले. ती मनात भागाकार करत होती. आम्हा मशीनवाल्यांना ती सवयच लागते. तांदळाचं पोतं असो नाहीतर शाळेची फी, आपोआप त्याच्या खेपा होतात.

"सदुसष्ट," ती हळूच म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं आपण मोठ्याने बोललो. "घर छान झालंय, ओपानिन," ती घाईघाईने म्हणाली. "फार छान झालंय."

मामाने मान हलवली. मला विचारलं, "यांना पाणी दिलंस का?" आणि वळून मांडवाकडे गेला. चालताना त्याचं वस्त्र मागून जमिनीवर लोळत होतं, त्याने उचललं नाही.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. रविवारी पांढरे कपडे घालून आभाराची प्रार्थना झाली, सोमवारी मांडव उतरला, फलक उतरला. मंगळवारीही मी रोजच्यासारखी भट्टी पेटवली. गवंडी काही आला नाही.

दोन आठवड्यांनी फोसुआचा फोन आला. ती रडत होती की हसत, आधी कळेना. दवाखान्याच्या खिडकीवर कोणीतरी तिच्या नावाने रोख भरून गेलं होतं. आठ खेपांचे. नाव सांगितलं नाही. खिडकीवरची मुलगी म्हणाली, म्हातारे गृहस्थ होते, पावती दोनदा तपासून घेतली, आणि तिने एक अक्षर चुकवलं होतं तेवढं दुरुस्त करायला लावलं.

हेडमास्तर. दुसरं कोण?

मावशी पाव घ्यायला आली तेव्हा तिला सगळं आधीच माहीत होतं. तिने पिशवी खाली ठेवली. "बघ. झोपत नाही गं तो. जेवत नाही. आता तरी जा, बोल त्याच्याशी. माणसाने केलं ना शेवटी."

मला वाटलं होतं असं काही झालं तर राग उतरेल. उतरला नाही. उलट, फोन ठेवला तेव्हापासून तो वाढतच होता. म्हणजे त्याला खिडकी कुठे आहे ते माहीत होतं. म्हणजे पैसे निघत होते, पाय चालत होते, पावतीसुद्धा तपासता येत होती.

"फोसुआला मिळाले, बरं झालं," मी म्हणाले. "तिला नको घेऊस असं मी म्हणणार नाही."

"मग?"

"मावशी, त्या आठ खेपा आईच्या होत्या."

मावशीने पिशवी उचलली. मी तिला पाव मोजून दिले, नेहमीपेक्षा एकही जास्त नाही, आणि पुढची खेप आत सरकवली.